मधला स्पीकर

४ मार्च

चि. खारू,

आशीर्वाद नेहमीचेच, आणि वर मूठभर शेंगदाणे. लहानपणी थिएटरातल्या मशीनच्या खोलीत माझ्या स्टुलावर बसून तू खायचीस आणि टरफलं रिळांच्या डब्यात लपवायचीस, तसले.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन केला नाही याचं कारण तुझी मामी. फोन हॉलमध्ये, ती स्वयंपाकघरात, नळ चालू, मिक्सर चालू, तरी माझं बोलणं शब्दन्‌शब्द तिला ऐकू जातं. मोबाइल घेऊन गच्चीत गेलो तरी खाली आल्यावर उलटतपासणी होतेच. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई ती, तिच्यापासून लपवणार काय! आणि मोबाइलवर बोटांनी टकटक करणं मला जमत नाही. जमवायचंही नाही.

तर काम असं. मला डिस्क प्लेअर घ्यायचाय. साधा नाही, बाजारातला सगळ्यात वरचा. तू लोकांच्या घरी थिएटरं बसवतेस, तेव्हा तुला विचारतोय. विचारतोय म्हणजे परवानगी मागत नाही, हे लक्षात ठेव. थिएटर म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, उभी हयात मी प्रोजेक्टरमागे काढलीय.

आता खरं कारण. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि तो भला थोरला टीव्ही घेतला. म्हटलं, आयुष्यभर लोकांना सिनेमे दाखवले, आता हिच्याबरोबर बसून बघू. नोकरीत असताना कधी जमलं नाही, मी वर मशीनपाशी आणि ही खाली एकटीच खुर्चीत. तर आता ही बसतच नाही. सुरुवातीला बसायची. मग अर्ध्यात उठायला लागली. आता मी डिस्क लावली की हिला आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात. दोन माणसांच्या घरात इतके कपडे येतात कुठून?

मला वाटतं प्लेअर थकलाय. एवढ्या मोठ्या पडद्यावर चित्र फिकं दिसतं, आणि हिची नजर चोखंदळ. प्लेअरचा दोष नसेल, तर मग हिला सिनेमा नकोसा झालाय किंवा मी. त्यातलं काय, हे मला कळलेलं बरं.

तुझा मामा

---

११ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. कपड्यांच्या घड्यांपर्यंत सगळे हसले, पुढचं मी मनातच वाचलं.

मामीला तू नकोसा झालेला नाहीस. तसं असतं तर तिने तुला केव्हाच तोंडावर सांगितलं असतं. तिला मी ओळखते.

आता प्लेअर. शिकवत नाही बाबा, फक्त सांगते. वरच्या दर्जाच्या प्लेअरमध्ये पैसे तीन ठिकाणी जातात. एक चित्रावर. दोन, पेटीच्या वजनावर आणि डिस्क फिरवणाऱ्या भागावर, म्हणजे सिनेमातल्या शांततेत प्लेअरची घरघर ऐकू येत नाही. तीन, आवाज घडवणाऱ्या आतल्या भागावर. यातला तिसरा भाग तुला अर्धवटच उपयोगी पडेल. केबलने आवाज अॅम्प्लिफायरला दिलास, की तो घडवायचं काम अॅम्प्लिफायर करतो आणि प्लेअरमधली ती महागडी यंत्रणा नुसती बसून राहते. गाण्यांच्या डिस्क ऐकणार असलास तर मात्र तिचं चीज होईल.

तुझा अॅम्प्लिफायर जुना आहे. आवाजाला उत्तम, पण नव्या टीव्हीचं चित्र त्याच्यातून पुढे जायचं नाही. म्हणून मागे एचडीएमआय केबलसाठी दोन जागा असलेलाच प्लेअर घे. एकातून चित्र सरळ टीव्हीला, दुसऱ्यातून आवाज सरळ अॅम्प्लिफायरला. आणि प्लेअरला सेटिंगमध्ये सांगायचं, आवाजाला हात लावू नकोस, आहे तसा पुढे सोड.

एकच विचारते. मामी उठायला लागली ती नेमकी केव्हापासून? आणि उठताना म्हणते काय?

तुझी खारू

---

२७ मार्च

चि. खारू,

घेतला! आशीर्वाद नंतर, आधी बातमी.

दुकानातला पोरगा मला चकचकीत पातळ प्लेअर दाखवत होता. मी दोन्ही हातांनी उचलला आणि ठेवून दिला. म्हटलं, हा मांजराने शेपूट मारली तरी पडेल, जड दाखव. मग त्याने आतून एक काढला. काय सांगू तुला! अॅल्युमिनियमचं जाड अंग, खाली रुंद पाय, आणि बटण दाबलं की खण असा अलगद बाहेर येतो की वाटतं आता चहाचा कप ठेवावा त्यावर. मागे वाकून बघितलं, दोन एचडीएमआय. पोराला म्हटलं, बांध.

जोडणी एकट्याने केली. चित्र सरळ टीव्हीला, आवाज अॅम्प्लिफायरला, सेटिंग तू म्हणालीस तसं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली. तुमची आजकालची पोरं मागे नुसता वायरींचा गुंता सोडून जातात. पुढचे दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत, मागचे दोन सोफ्यामागे, बासचा ठोकळा खिडकीखाली, आणि मधला टीव्हीच्या बरोब्बर मागे. थिएटरात पडद्यामागे असतो तसा, कुणाला दिसत नाही आणि बोलणं थेट नटाच्या तोंडातून आल्यासारखं. नवा टीव्ही आला तेव्हाच ही व्यवस्था मी करून घेतली होती. मग अॅम्प्लिफायरचा तो चाचणीचा आवाज लावला, एकेका स्पीकरमधून फुस्स करत जातो तो. मधला जरा दबका वाटला, त्याला चढवून घेतला. झालं.

रविवारी हिला हात धरून सोफ्यावर बसवलं. आमच्या थिएटरात पंचवीस आठवडे चाललेला सिनेमा लावला. चित्र म्हणशील तर नुसतं सोनं. मी हिच्याकडे बघतोय, ही पडद्याकडे बघतेय, कपाळाला आठ्या. मध्यंतराच्याही आधी उठली. म्हणाली, "तुम्ही बघा, माझं डोकं दुखतंय."

तू विचारलंस म्हणून सांगतो, नवा टीव्ही आला तेव्हापासून हे सुरू आहे. आणि दर वेळी उठताना कारण वेगळं. खारू, खरं सांगू? प्लेअर उत्तम आहे, यात वाद नाही. पण परवा मी एकटाच शेवटपर्यंत बसलो आणि मला फार वाईट वाटलं.

मामा

---

२९ मार्च

प्रिय खारूताई,

तुझ्या मामांनी तुला पत्र टाकलं हे मला माहीत आहे. काय लिहिलं ते विचारत नाही. हे मात्र तुझ्यामाझ्यात ठेव.

माझे कान गेले ग.

अगं, मी एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा दूरच्या गावाहून कॉल आला, मध्ये कितीही खरखर असली, तरी समोरचा माणूस काय म्हणतोय ते मला कळायचं. मुली म्हणायच्या, बाईंना द्या, बाई ऐकतील. माझी दुसरी कसली हुशारी नव्हती, कान हीच माझी हुशारी. आणि आता सिनेमा लागला की दणदणाट ऐकू येतो, गाणी ऐकू येतात, पण माणसं बोलायला लागली की तोंडात गोळा धरून बोलल्यासारखी. मी ओठांकडे बघून अंदाज बांधते. हे मात्र शेजारी बसून मजेत हसत असतात, पुढचा संवाद पुटपुटत असतात. ह्यांना सगळं स्वच्छ ऐकू येतं. मलाच येत नाही.

आता एवढा मोठा प्लेअर आणलाय ह्यांनी, माझ्यासाठी. मला कळत नाही का? किती हौसेने हात धरून बसवलं. आणि मी डोकेदुखीचं सोंग घेऊन आत जाऊन रडले.

माझ्या आईचं असंच झालं होतं. मग घरातले तिच्याशी ओरडून बोलायला लागले, आणि नंतर नंतर बोलायचेच बंद झाले. मला ती भीती वाटते. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नाही. तुला यातलं कळतं म्हणून विचारते, यावर काही असतं का ग? ह्यांना बोलू नकोस.

मामी

---

३ एप्रिल

मामी,

आधी डोळे पूस, मग वाच.

तुझे कान शाबूत आहेत. नळ आणि मिक्सर चालू असताना हॉलमधला फोन ज्या बाईला ऐकू जातो, तिचे कान गेले म्हणणं म्हणजे कहरच! मागच्या महिन्यात आपण फोनवर बोललो, तेव्हा माझ्या मागे दुकानात कुणीतरी शिंकलं तर तू म्हणालीस, "त्या मुलाला सर्दी झालीय, वाफ घ्यायला सांग." आठवतं?

दोष तुझा नाही. तुझ्या नवऱ्याने एक करामत करून ठेवलीय, ती करामत त्याच्याशिवाय जगात कुणाला सुचली नसती. मी त्याला वेगळं लिहितेय. तुझं नाव त्यात येणार नाही. तू फक्त एक कर, त्याने पुन्हा बोलावलं की कपड्यांच्या घड्या सोडून बस.

खारू

---

३ एप्रिल

प्रिय मामा,

कान धरून सांगते, म्हणजे तुझा मान ठेवून माझाच धरते.

थिएटरात मधला स्पीकर पडद्यामागे असतो, बरोबर. का चालतं ते? कारण त्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात. तूच मला दाखवली होतीस, पडद्याला नाक लावून. भोकांतून आवाज येतो. तुझ्या टीव्हीला भोकं आहेत का रे? काच आणि पत्रा आहे तो! मधल्या स्पीकरमधून काय येतं? सगळं बोलणं. म्हणजे तू गेलं वर्षभर सिनेमातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर टीव्ही उभा करून ठेवलायस. वर तो दबका वाटला म्हणून चढवलास, म्हणजे आता मोठ्याने दबका.

तुला ते जाणवलं नाही याचंही कारण सांगते. तू लावतोस ते सिनेमे तुला पाठ आहेत. दिवसाला चार खेळ, आठवडेच्या आठवडे. तू ऐकत नाहीस, तू आठवतोस. मामीला पाठ नाहीत. तिने ते बघितले असतील तर एकेकदा, तेही खाली बसून.

मधला स्पीकर पुढे काढ. टीव्हीच्या खाली, फळीच्या कडेला, तोंड किंचित वर, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाकडे. चढवलेला आवाज पूर्ववत कर. सोबत एक डिस्क पाठवतेय. तू बघितलेली नाहीस, मामीनेही नाही. तीच लाव.

आणि हो, प्लेअर झकास घेतलास. त्याची यात काही चूक नव्हती, जुन्याचीही नव्हती.

खारू

---

९ एप्रिल

खारू,

तुझं पत्र मिळालं. डिस्कही मिळाली.

ज्या माणसाने प्रोजेक्टरमधल्या कोळशाच्या कांडीच्या उजेडापासून डिजिटलपर्यंत सगळी मशीनं चालवली, त्याला तू पडद्याची भोकं शिकवतेस. शाब्बास! मला सगळं स्पष्ट ऐकू येतं. स्पीकर जिथे आहे तिथेच राहील.

मामा

---

२१ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझ्या पत्रानंतर हे चार दिवस तोंड फुगवून होते. पाचव्या दिवशी मी बाजारात गेले आणि परत येऊन बघते तर टीव्हीखालच्या फळीवर ती लांबोडकी पेटी, खाली पुठ्ठ्याची घडी घालून तोंड वर केलेलं. हे फक्त म्हणाले, "संध्याकाळी मोकळी आहेस का?" लग्नाआधी विचारायचे तसं.

तुझी डिस्क लावली. त्यात सुरुवातीलाच एक बाई सायकलच्या दुकानात येते आणि हलक्या आवाजात विचारते, "लाल रंगात आहे का?" आणि मला ऐकू आलं ग! तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. दुकानदाराने पाना खाली ठेवला तेही. मला रडू फुटलं. हे घाबरले, म्हणाले, "अगं, सायकल तर घेतेय ती, रडतेस काय?" मग मी सगळं सांगून टाकलं, कानांचं, भीतीचं, घड्यांचं. ह्यांनी सिनेमा थांबवला. माझा हात हातात घेतला. मग म्हणाले, "वर्षभर एकटी घाबरत राहिलीस, मला सांगायचं नाही?" मी म्हटलं, "तुम्ही हसत होतात ना."

इथपर्यंत छान. पुढचं ऐक. सिनेमा पुन्हा सुरू केला, तर थोड्या वेळाने हे विचारतात, "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग विचारायचे थांबले आणि मी हसले की हसायला लागले. खारू, मी जन्मभर लोकांचे फोन जोडले. पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसताना तो "हो हो" म्हणतो ना, ते मला लगेच कळतं. हे "हो हो" म्हणत होते.

फोनवर इतक्या मोठ्याने का बोलतात, ते आज कळलं बघ. म्हणूनच तर मला गच्चीतलं ऐकू येतं! आता ह्यांना सांगायचं कसं? तुला विचारतेय खरी, पण मीच सांगेन. ह्यांच्याशी कुणी ओरडून बोललेलं मला चालायचं नाही.

मामी

---

१९ मे

चि. खारू,

भरघोस आशीर्वाद. या वेळी रागबिग नाही.

तर आमच्या घरात कान गेलेत, पण माझे. तुझ्या मामीने सकाळच्या चहाबरोबर सांगितलं, अगदी हळू आवाजात, माझ्याकडे तोंड करून: "अहो, माझ्या कानांना काही झालेलं नाही. तुमच्या कानांना झालंय." मी आधी भडकलो, मग हसलो. मग कपडे करून तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवला. म्हणाला, टिकटिक ऐकू आली की बटण दाबा. मला वाटलं अजून सुरूच झालं नाही, तर तो म्हणाला संपलं. बारीक, उंच आवाज मला येत नाहीत. प्रोजेक्टरच्या खडखडाटाने खाल्ले ते. खाल्ले तर खाल्ले. त्या खडखडाटाने आमचं घर चालवलं, मी त्याच्यावर रुसणार नाही.

आता कानाचं मशीन. डॉक्टर मला गुळगुळीत कागदावरचे फोटो दाखवायला लागला. मी म्हटलं, फोटो ठेवा, आधी जोडणी सांगा. प्लेअरमधून निघालेला आवाज या मशीनपर्यंत येणार कसा? त्याने फोटो बाजूला ठेवले. मग म्हणाला, टीव्हीपाशी एक छोटी डबी बसवता येते, तिच्यातून आवाज बिनवायरीने सरळ कानात. म्हटलं, ठरलं, हेच द्या! म्हणजे पाच स्पीकर, एक बासचा ठोकळा, आणि सातवा नि आठवा माझे दोन कान. असली थिएटरं तू किती बसवलीस, सांग बरं. डबीला चिठ्ठी मी आत्ताच लिहून ठेवलीय.

मधला स्पीकर फळीवरच आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं, एवढं लिहितो आणि पुढे जातो.

आता एक खाजगी. रोज संध्याकाळी आम्ही न बघितलेला सिनेमा लावतो. जुने सगळे मी कपाटात टाकले. प्लेअर बिचारा इतका मुका की चालू आहे हे कळतही नाही. तुझी मामी माझ्या उजव्या बाजूला अगदी खेटून बसते आणि एकेक वाक्य माझ्या कानात सांगते. नुसतं सांगत नाही, बाईचं बाईसारखं, खलनायकाचं खलनायकासारखं. आणि मध्येच स्वतःचं मतही घालते. "हा खोटं बोलतोय बरं का." अगं, इतकी वर्षं मी वर एकटा आणि ही खाली एकटी. असा सिनेमा मी आयुष्यात बघितला नव्हता.

मशीन सोमवारीच तयार झालंय. कानाच्या मशीनच्या दुकानातून दोनदा फोन आला, घेऊन जा म्हणून. मी म्हटलं, येतो, येतो. पण मला काही घाई नाही. हे मामीला बोलू नकोस.

पाकीट तिच्याकडेच देतोय, तिला पोस्टावरून जायचंय. माझी पत्रं ती उघडत नाही.

तुझा मामा

ता. क. खारूताई, उघडलं, पहिल्यांदाच. दुकानाचे दोन्ही फोन मी स्वयंपाकघरातून ऐकलेत. मलाही काही घाई नाही. हे मामांना बोलू नकोस. — मामी